गुठळीचा राखणदार

गेल्या वर्षी मावशीचे दोन्ही गुडघे बदलले. घरात एखादा इंजिनिअर असला की विम्याचे कागद आपोआप त्याच्याकडे येतात, मग तो कुठल्या का शाखेचा असेना. त्या सात पानी बिलात मला एक नाव दोनदा दिसलं: ट्रॅनेक्झामिक ॲसिड. कृत्रिम सांध्याच्या किमतीपुढे त्याची रक्कम अगदीच किरकोळ होती, त्यामुळे विमा कंपनीने तिकडे पाहिलंही नसेल. मावशीने मात्र पाहिलं. "मला ॲसिड कशाला दिलं रे?" म्हणून ती जरा घाबरलीच.

उत्तर भूलतज्ज्ञ बाईंनी दिलं. "मावशी, तुमच्या वडिलांच्या वेळी ऑपरेशन म्हटलं की रक्त द्यायला चार माणसं तयार ठेवा म्हणून सांगायचे, आठवतंय का? तुम्हाला एक बाटलीही लागली नाही. त्यात या औषधाचा वाटा आहे."

हे आपल्या सगळ्यांच्या घरात घडलेलं आहे. ऑपरेशनची तारीख ठरली की डब्याच्या आधी रक्तगटाची चौकशी व्हायची. मंडळातली, तालमीतली पोरं रक्तपेढीच्या बाकावर जाऊन बसायची. मोठ्या शस्त्रक्रियेला आजही रक्त लागतं, पण २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १२९ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. शस्त्रक्रियेच्या वेळी हे औषध दिलं तर रक्त द्यावं लागण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने कमी होते, असं त्यातून दिसलं.

मी डॉक्टर नाही. कोड लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड दुरुस्त करतो. पण एखादी गोष्ट नेमकी कशी चालते हे कळेपर्यंत चैन पडत नाही, म्हणून वाचत गेलो. गुडघा हा या औषधाच्या गोष्टीतला सगळ्यात सौम्य भाग निघाला. तेच इंजेक्शन अपघात विभागात असतं, प्रसूतिगृहातही असतं. तिथे प्रश्न रक्ताच्या बाटलीचा नसतो, जिवाचा असतो. आणि तिथे औषधाइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, घड्याळाला महत्त्व असतं.

बांध घालणारे आणि बांध फोडणारे

भाजी चिरताना बोट कापलं की आधी प्लेटलेट्स धावून येतात. डेंगीच्या कृपेने हा शब्द आता घराघरात माहीत आहे. त्या भोकावर गर्दी करतात, पण ती गर्दी सैल असते. मग रक्तातून फायब्रिन नावाचे धागे तयार होतात आणि त्या गर्दीभोवती जाळं विणतात. जाळं आणि त्यात अडकलेल्या पेशी मिळून झाली गुठळी. बाहेर वाळली की तिला आपण खपली म्हणतो.

इथपर्यंत शाळेत शिकलेलं असतं. पुढचा भाग मला तरी शाळेत कुणी सांगितला नव्हता. जाळं विणायला सुरुवात झाली की ते कापण्याची तयारीही शरीर त्याच वेळी सुरू करतं. कापणाऱ्याचं नाव प्लास्मिन. हे वेडेपणाचं वाटतं, पण विचार केला तर पटतं. रक्तवाहिनीत झालेली प्रत्येक गुठळी तशीच राहिली असती, तर काही दिवसांत सगळे रस्ते बंद झाले असते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. न लागणाऱ्या गोष्टी मेमरीतून काढून टाकणारा सफाई कामगार प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असावा लागतो. तो नसला तर मशीन हळूहळू गुदमरतं. तो पिसाळला आणि वापरात असलेल्या गोष्टीही उचलून टाकायला लागला, तर मशीन लगेच कोसळतं.

मोठ्या अपघातात काही जखमींमध्ये नेमकं हेच होतं. इजा झालेल्या रक्तवाहिन्यांमधून प्लास्मिनला चालना देणारा पदार्थ भरमसाट सुटतो. इकडे बांध घातला जातोय आणि तिकडे कुणीतरी त्याच्यावर कुदळ चालवतंय, अशी अवस्था. रक्तस्राव थांबता थांबत नाही.

ट्रॅनेक्झामिक ॲसिड काय करतं? प्लास्मिन हे आधी प्लास्मिनोजेन या निरुपद्रवी रूपात रक्तात फिरत असतं. फायब्रिनच्या धाग्यांवर लायसिन या अमिनो आम्लाच्या जागा असतात, दाराच्या कडीसारख्या. प्लास्मिनोजेन ती कडी धरतं, धाग्यावर ठाण मांडतं, तिथे त्याचं प्लास्मिन होतं आणि मग धागा कापला जातो. ट्रॅनेक्झामिक ॲसिडचा रेणू दिसायला बराचसा लायसिनसारखाच. तो जाऊन प्लास्मिनोजेनच्या मुठीत बसतो. मूठ आधीच भरलेली, मग कडी कशाने धरणार?

म्हणजे हे औषध रक्त गोठवत नाही. गुठळी शरीरच तयार करतं, औषध तिची राखण करतं. आपल्याकडे सीमेवरच्या आणि गोव्याच्या गावांत राखणदार असतो ना, तसं. तो शेत पिकवत नाही, पिकलेलं जाऊ देत नाही. त्यामुळे मोठी धमनी फाटली असेल तर एकट्या या इंजेक्शनने काही होणार नाही. तिथे शल्यविशारदाचा टाकाच हवा. आणि रस्त्यावर आपण करायची गोष्ट त्याहून साधी आहे: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. कापड भिजलं तर ते उचलून बघायचं नाही, त्याच्यावर दुसरं ठेवायचं, कारण उचलताना नुकतीच धरलेली गुठळीही त्याच्यासोबत निघते. हळद, कॉफी वगैरे स्वयंपाकघरातच राहू द्या.

पाठीवर मूल आणि हातात परीक्षानळी

हे औषध जपानमध्ये जन्मलं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, तोक्यो जळून बेचिराख झालेलं, संशोधनाला पैसा नाही, साधनं नाहीत. शोसुके आणि उताको ओकामोतो हे डॉक्टर पती-पत्नी. त्यांनी संशोधनाला रक्त हा विषय निवडला, त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं: नमुना कमी पडला तर स्वतःचं रक्त काढता येतं! मूल सांभाळायला कुणी नसल्यामुळे उताकोबाई लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. वैद्यकीय सभांमध्ये बाईला उभं राहू देण्याचीच तेव्हा मारामार होती. त्यांनी पहिल्यांदा आपलं काम मांडलं तेव्हा 'आता नाचून दाखवणार का' अशी टिंगल झाली.

आधी त्यांनी एप्सिलॉन अमिनोकॅप्रॉइक ॲसिड नावाच्या रेणूवर काम केलं. तो गुठळी टिकवायचा, पण मात्रा फार लागायची. मग त्याच धर्तीचे पण जास्त ताकदीचे रेणू शोधत ते ट्रॅनेक्झामिक ॲसिडपर्यंत पोहोचले. १९६२ साली केइओ विद्यापीठाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला.

उताकोबाईंना हे औषध कशासाठी वापरलं जावं असं वाटत होतं? बाळंतपणात रक्तस्रावाने जाणाऱ्या बायकांसाठी. पुढे कोबे शहरात त्यांनी प्रसूतितज्ज्ञांच्या मागे लागून चाचणी करायचा आग्रह धरला. कुणी मनावर घेतलं नाही. औषध वापरात आलं ते पाळीच्या वेळी अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांसाठी, हिमोफिलियाच्या रुग्णांचा दात काढताना आणि नंतर हृदयाच्या शस्त्रक्रियांमध्ये. ते चांगलंच झालं. पण जिथे सर्वांत जास्त माणसं रक्तस्रावाने मरतात, म्हणजे रस्त्यावर आणि प्रसूतिगृहात, तिथे ते जवळजवळ अर्धशतक पोहोचलंच नाही.

याला कुणी एक खलनायक नाही. औषध जुनं, पेटंट संपलेलं, कोणीही बनवावं असं स्वस्त. हजारो रुग्णांची चाचणी करायला कोट्यवधी लागतात आणि त्या खर्चातून ज्याला नफा होईल असा मालकच उरलेला नव्हता. डॉक्टरांना भीतीही होती की गुठळ्या टिकवणारं औषध दिलं तर हृदयविकार आणि पक्षाघात वाढतील. ती भीती रास्त होती. ती खरी की खोटी हे मोजून बघायला मात्र कुणी तयार नव्हतं.

वीस हजार लोकांना विचारलेला एक प्रश्न

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतले इयान रॉबर्ट्स, हलीमा शकूर आणि त्यांचे सहकारी यांनी ते मोजायचं ठरवलं. चाचणीचं नाव क्रॅश-२. ४० देशांतली २७४ रुग्णालयं, त्यात भारतातलीही. अपघातात किंवा हल्ल्यात जखमी झालेले, रक्तस्राव होत असलेले किंवा होण्याचा धोका असलेले २०,२११ प्रौढ. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. आम्ही वेबसाइटवर बटण हिरवं बरं की निळं हे ठरवायला दिवसभरात असले प्रयोग करतो, म्हणून मला त्याची रचना लगेच कळली. फरक एवढाच की आमच्या तक्त्यात क्लिक मोजतात, यांच्या तक्त्यात मृत्यू.

निकाल २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषध न मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले, औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के. हृदयविकार, पक्षाघात किंवा पायात-फुप्फुसात गुठळ्या होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

दीड टक्का! एवढंच? माझीही पहिली प्रतिक्रिया तीच. पण दीड टक्का म्हणजे हजार जखमींमागे पंधरा माणसं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. ते सगळेच रक्तस्रावाने गेले नाहीत आणि सगळ्यांना हे इंजेक्शन तारू शकलं नसतं, हे मान्य. तरीही फ्रीजशिवाय राहणारं, कुठलंही अवघड यंत्र न लागणारं औषध हजारात पंधरा जीव वाचवत असेल, तर त्याला 'एवढंच' म्हणणं मला जमत नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

खरी चमक मात्र पुढच्या विश्लेषणात होती. त्याच रुग्णांची आकडेवारी संशोधकांनी वेळेनुसार वेगळी केली. दुखापतीनंतर तासाभरात औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. एक ते तीन तासांत मिळालेल्यांमध्ये २१ टक्क्यांनी कमी. तीन तासांनंतर? फायदा नाहीच, उलट रक्तस्रावाने झालेले मृत्यू औषध मिळालेल्यांमध्येच जास्त: ४.४ टक्के, औषध न मिळालेल्यांमध्ये ३.१.

तेच औषध, तीच मात्रा. सकाळी दहाला दिलं तर जीवदान आणि दुपारी दोनला दिलं तर कदाचित अपाय. २०१८ मध्ये अपघात आणि बाळंतपण अशा दोन्ही चाचण्यांमधल्या ४०,१३८ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला. त्यात दिसलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. मी हे वाक्य वाचलं आणि आपला महामार्ग डोळ्यांसमोर आला. हत्तरगीजवळ गाडी उलटली, भोवती पन्नास माणसं जमली, त्यातली दहा मोबाइल काढून उभी. पंधरा मिनिटं अशीच जातात. पुढची पंधरा 'पोलीस येऊ देत, आपल्याला कशाला झंझट' यात.

त्या झंझटीची भीती आता कायद्याने काढून टाकली आहे, हे आपल्या मित्रमंडळींत फारसं माहीत नसतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. रुग्णालयात पोहोचवा आणि निघून जा, नावही सांगायचं की नाही तुमची मर्जी. १०८ ला फोन करताना एक गोष्ट जरूर करा: अपघात किती वाजता झाला ते लक्षात ठेवा आणि अपघात विभागात सांगा. आपल्याला ती किरकोळ माहिती वाटते. औषध द्यायचं की नाही, हा तिथल्या डॉक्टरचा निर्णय तिच्यावर अवलंबून असू शकतो.

बेळगावची प्लास्टिकची पिशवी

आता उताकोबाईंच्या मूळ प्रश्नाकडे. वार पडल्यावर गर्भाशयाच्या आतल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशय आकसून त्यांना आवळतं आणि रक्त थांबतं. ते सैल राहिलं, कुठे फाटलं किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर धडधाकट बाई काही तासांत जाऊ शकते. जगभरात वर्षाला सुमारे ७० हजार बायका अशा जातात. आपल्या प्रत्येक कुटुंबात दोन-तीन पिढ्या मागे गेलं की 'पहिली बाळंतपणात गेली' असं एक वाक्य सापडतंच. वंशावळीत तिचं नावही बऱ्याचदा नसतं.

लंडनच्याच गटाने २०१० साली 'वुमन' ही चाचणी सुरू केली. २१ देश, १९३ रुग्णालयं, प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या २०,०६० बायका. एप्रिल २०१७ मध्ये निकाल आला. रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये १.७ वरून १.२ वर, म्हणजे सुमारे एक तृतीयांश कमी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात तीन तासांच्या आत हे औषध द्यावं, अशी शिफारस केली. शोसुके २००४ मध्येच गेले होते. उताको ओकामोतो २१ एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी गेल्या. निकाल एका वर्षाने त्यांना चुकला. तो वाचताना मला राहून राहून पाठीवरच्या त्या लेकीची आठवण येत होती.

पण घड्याळ कधी सुरू करायचं? अपघाताची वेळ ठरलेली असते. बाळंतपणात थोडं रक्त जातंच, मग 'आता जास्त जातंय' हे कोण आणि कसं ठरवणार? डोळ्यांनी? इथे आपल्या गावाचं नाव येतं, आणि ते मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत एक साधी वस्तू वापरात आणली: बाळंतिणीच्या खाली पसरायची पारदर्शक प्लास्टिकची चादर. तिचं खालचं टोक पिशवीसारखं निमुळतं आणि त्याच्यावर मिलिलिटरच्या खुणा. नाव ब्रास-व्ही ड्रेप. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या तुलनेत डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे सरावाची नजरही रक्त कमीच मोजते. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधला त्यांचा अभ्यास आला. १,६२० बाळंतिणी, डॉक्टर नाही, गावात फिरणाऱ्या नर्सबाई. गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. ते औषध वेगळं, त्याचं कामही वेगळं. पण मोजमापाला तीच खुणांची पिशवी होती.

खुणांच्या पिशवीने रक्त मोजायची ही कल्पना २०२३ मध्ये ई-मोटिव्ह या मोठ्या चाचणीत केंद्रस्थानी आली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं. निम्म्या ठिकाणी नेहमीची पद्धत. उरलेल्या ठिकाणी मापाची पिशवी, आणि रक्त ठरावीक खुणेपर्यंत आलं की वाट न बघता सगळे उपाय एकदम: पोटावरून गर्भाशय चोळणं, ते आकसवणारं औषध, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन, तपासणी. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच बायकांचा वेळेत लक्षात येत होता. पिशवीमुळे ९३ टक्के. अतितीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. राखणदार कितीही चांगला असला तरी त्याला हाक वेळेवर जायला हवी. ती हाक द्यायचं काम खुणा छापलेलं प्लास्टिक करतं.

जिथे ते चाललं नाही

एवढं वाचून वाटेल की जिथे रक्त तिथे हे औषध. संशोधकांनाही वाटलं होतं. पोटातून, आतड्यातून रक्त जाणाऱ्या १२,००९ रुग्णांवर हॉल्ट-इट ही चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण ०.४ वरून ०.८ टक्क्यांवर गेलं आणि फिट्सही वाढल्या. रक्तक्षय असलेल्या बाळंतिणींना रक्तस्राव होण्याआधीच औषध देऊन बघितलं, तर रक्तस्राव टळला नाही. डोक्याच्या दुखापतीतला निकाल संमिश्र, सौम्य आणि मध्यम इजेत उपयोग दिसला, अतिगंभीर इजेत नाही. मला या अपयशांबद्दल आदर वाटतो. त्याच गटाने, तितक्याच कष्टाने, स्वतःच्याच लाडक्या औषधाच्या विरोधात गेलेला निकाल तितक्याच ठळकपणे छापला. आमच्या क्षेत्रात फसलेला प्रयोग बहुधा प्रेझेंटेशनमधून गुपचूप नाहीसा होतो.

दुसरी गोष्ट तर थेट आमच्याच धंद्यातली वाटावी अशी. सिझेरियनच्या वेळी कमरेत, कण्याजवळ भूल देतात. त्या भुलेच्या औषधाची काचेची कुपी आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिडची कुपी काही ठिकाणी दिसायला सारख्याच असतात. घाईत अदलाबदल होऊन हे औषध कण्यात गेलं की भयंकर फिट्स येतात. त्यात जीव गेले आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढावी लागली: ही कुपी भुलेच्या औषधांपासून दूर, शक्यतो ऑपरेशनच्या खोलीबाहेर ठेवा. 'सेव्ह' आणि 'डिलीट' ही बटणं एकाच रंगात शेजारी शेजारी ठेवायची आणि चुकलं की वापरणाऱ्याला दोष द्यायचा, यातलाच हा प्रकार. लेबलाचा रंग बदलायला संशोधन लागत नाही.

आणि घरातलं. या औषधाच्या गोळ्याही मिळतात. पाळीत अंगावरून फार जात असेल तर डॉक्टर त्या देतात, रक्तस्रावाच्या दिवसांपुरत्या. चेहऱ्यावरच्या वांगासाठीही त्वचारोगतज्ज्ञ कधी कधी देतात. त्यामुळे ताई-वहिनींच्या पर्समधून ती पट्टी एकमेकींकडे जाते, आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी हीच, असाही एक समज आहे. ती गोळी हार्मोनची असते, हिचा तिच्याशी संबंध नाही. ज्यांना पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली आहे, पक्षाघात झाला आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांनी ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हिला हात लावू नये. 'नुसती रक्त थांबवायची गोळी आहे' असं म्हणणाऱ्या शेजारणीला प्लास्मिनची गोष्ट सांगा.

सध्या एका वेगळ्या वाटेवर काम चालू आहे. हे इंजेक्शन शिरेतून द्यावं लागतं, आणि रक्त गेलेल्या बाईची शीर सापडणं हे सराव असलेल्या हातालाही कठीण. तेच दंडात किंवा मांडीत, स्नायूत टोचलं तर? जखमींवर आणि सिझेरियन झालेल्या बायकांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत ते स्नायूतूनही काही मिनिटांत रक्तात पुरेसं पोहोचतं, असं दिसलं आहे. स्नायूत इंजेक्शन टोचायला गावातली नर्सबाई पुरते. खानापूरच्या जंगलात अशी गावं आहेत जिथे पावसाळ्यात ओढा भरला की बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. तिथून पुढे गाडी. त्या वाटेला तीन तास सहज लागतात.